लोखंडी पेटीतला सीन

लोणारला मी शाळेत शिकवते. हौशी नाटकांत कामं केली होती, त्या जोरावर मला एका सिनेमात घेतलं. पाच वेगवेगळ्या भयकथांचा मिळून तो एक सिनेमा होता. तिसऱ्या कथेत सासू सुनेला पेटीत कोंडते. ती सून मी. पुण्याहून आलेल्या दिग्दर्शकाने आधीच बजावलं होतं, "मॅडम, भाषा शुद्ध हवी. ते 'मले-तुले' नको."

शूटिंग गावातल्याच एका घरात होतं. घरमालकीण एका शिंप्याची विधवा. सगळे तिला खाला म्हणत. पेटीही तिचीच, रजया ठेवायची, गुडघे पोटाशी घेतले तर माणूस जेमतेम मावेल एवढी. सकाळपासून खाला दारात बसून आमची तालीम बघत होती. माझं वाक्य तिला पाठच झालं होतं : "मला बाहेर काढा, मी कुणाला सांगणार नाही."

हवेसाठी झाकणाखाली लाकडाचा तुकडा ठेवायचं ठरलं होतं. तालमीत तो नीट राहिला. टेकच्या वेळी सासू झालेल्या बाईंनी झाकण जोरात आदळलं. तुकडा निसटला आणि कडी आपोआप बसली.

आधी मला कळलंच नाही. वाक्य म्हटलं, ठरल्याप्रमाणे झाकणावर थापा मारल्या आणि मग ते ढकललं. हलेना. वरच्या दिव्यांनी पत्रा तापला होता. माझाच श्वास माझ्या तोंडावर परत येत होता. कोपर सरळ करायला गेले तर ते कडेला अडकलं. मी किंचाळले. बाहेर कुणीतरी हळूच म्हणालं, "थांबवू नका रे, कसलं भारी करतायत." ते मला स्पष्ट ऐकू आलं. त्यानंतर मी जितकी जिवाच्या आकांताने ओरडले, तितके ते सगळे जास्त गप्प झाले.

मग खालाचा आवाज आला.

"अरे, खोला ते! नाटक नाही हे!"

"आजी, शांत बसा, टेक चालू आहे."

"डायलॉगात 'मला' होतं. हे पोरगी 'मले' म्हणून राह्यली! 'मले काढा, मले काढा'. ऐकू येत नाही का तुम्हाले?"

कुणीच हललं नाही. तिनेच उठून कडी काढली. मी बाहेर आले ते तिच्या अंगावरच कोसळले. तिने मला ओसरीवर नेऊन पाणी पाजलं आणि बराच वेळ माझी पाठ चोळत राहिली.

दिग्दर्शकाने माफी मागितली. लगेच म्हणाला, "पण मॅडम, टेक हाच ठेवू?" मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर पुन्हा आत जावं लागलं असतं.

सिनेमात माझ्या किंकाळ्या तशाच आहेत. शब्द मात्र दुसऱ्या कुणा बाईने भरलेत, 'मला' म्हणून. शाळेतल्या बाई म्हणतात, काय अभिनय केलात हो! खरं काय झालं ते मी दोनदा सांगून पाहिलं. त्यांना तेही छान वाटलं.

घरी मी न्हाणीघराची कडी लावत नाही. आंघोळीला गेले की नवरा दाराबाहेर खुर्ची टाकून बसतो. मधूनच मी विचारते, "आहात ना?"

"हाव," तो म्हणतो.