दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि निमजे बाईंची बदली

कचेरीत कामं साचतात हे सगळ्यांना दिसतं. किस्से त्याहून जास्त साचतात! ऐंशीच्या दशकात आमच्या नागपूरच्या ऑफिसात प्रिंटर आला आणि आमची वर्षभराच्या गप्पांची सोय झाली.

लेखा विभागाचा कॉम्प्युटर एका कंपनीचा, आम्हा आस्थापनावाल्यांचा दुसऱ्या कंपनीचा. प्रिंटर दोघांत एकच. इंजिनिअर म्हणाला, "सर, दोघांची प्रिंटरशी बोलायची भाषा वेगळी आहे. मागची बारीक बटणं दरवेळी बदलावी लागतील."

साहेब विचारात पडले. "त्यापेक्षा एका कॉम्प्युटरला ट्रेनिंगला पाठवा ना!"

*

ह्या प्रिंटरपायी टायपिस्ट निमजे बाई जादा ठरल्या. बदली उमरेडला! घर इथे नागपुरात, सक्करदऱ्याला, सासू अंथरुणाला खिळलेली. आम्हाला फार वाईट वाटायचं. पण बाईंचा आदेश बाईंनाच टाईप करायला लावणं साहेबांना बरं वाटेना. माणूस हळवा! म्हणाले, "आदेश प्रिंटरवरच काढा." म्हणजे प्रिंटर धड चालेपर्यंत बाई नागपुरात.

"नवस बोला ना वं बाई," लेखा विभागाचे पराते म्हणाले, "मशीन बिघडलेलीच राहू दे म्हणून!"

"मी काहून बोलू भाऊ? तिले हात लावायले तुम्ही आहा ना!"

*

एकदा पराते विवरणपत्र छापायला बसले, बटणं मात्र आमच्या कॉम्प्युटरसाठी लावलेली. आकड्यांच्या मधे बदाम आणि किलवर उमटू लागले.

"काहून गा, हे काय छापून राह्यलं?" पराते माझ्यावर ओरडले. "खर्चाचा हिशेब हाय का रमीचा डाव?"

मी म्हटलं, "आपल्या ऑफिसात फरक काय हाय?"

*

बटणं बदलली की प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करावा लागे. साहेबांनी नियम काढला, बंद करायचा तर लेखी परवानगी घ्या. आम्ही सकाळी अर्ज दिला, दुपारी मंजुरी आली, प्रिंटर बंद केला.

"सर, आता चालू करू?"

"त्याचा अर्ज कुठाय?"

*

खंडेनवमीला परात्यांनी प्रिंटरची साग्रसंगीत पूजा केली. एकेका बटणाला हळद-कुंकू, वर अक्षता. बटणं अशी चिकटली, की प्रिंटर दोन्ही विभागांचं काही छापेना. परात्यांनी हात जोडले. "देवानं दोघांयले सारखा न्याय देल्ला!"

*

अखेर इंजिनिअरनं बटणं साफ केली आणि साहेबांनी बाईंचा आदेश काढायला लावला. बटणं नेमकी लेखा विभागाची राहिली होती. कागदावर एक ओळ धड नाही! अक्षरं एकमेकांवर चढलेली, मधेच आडव्या रेघा. मी तो तसाच साहेबांपुढे ठेवला. मजकुराशी साहेबांचं वैर नव्हतं, ओळखच नव्हती. त्यांनी झोकात सही ठोकली. शिक्का बसला, जावक क्रमांक पडला, आदेश उमरेडला रवाना झाला. बाई पदराने डोळे पुसत बसल्या. ऑफिसात ठेवलेली प्रत कोणाला वाचताच येईना, म्हणून त्यांना कोणी कार्यमुक्तही करेना.

आठवडाभरात उमरेडहून उत्तर आलं : 'उपरोक्त आदेशाची तंतोतंत अंमलबजावणी करण्यात आली आहे.'

साहेब बेहद्द खूश! कागद घेऊन स्वतः उठले आणि निमजे बाईंच्या टेबलाशी आले.

"बाई, हे फाईलला लावा. बघा, उमरेडचा स्टाफ किती तत्पर आहे!"