दादांची कोरी चिठ्ठी

लढाई संपल्यावर सोलापूरच्या जुन्या बाजारात अमेरिकन पलटणींचं उरलंसुरलं सामान विकायला आलं आणि माझ्या वडिलांना, म्हणजे दादांना, त्याचा नाद लागला. दादा उस्मानाबादच्या शाळेत भूगोल शिकवत. अमेरिका त्यांनी वर्गात छडीनं नकाशावर दाखवली होती, इतकाच त्यांचा तिच्याशी संबंध.

येडशीला गाडी धरून ते सोलापूरला जात आणि पिशवी भरून परत येत. निजामाच्या हद्दीत शिरताना जकातीच्या नाक्यावर पिशवी उघडावी लागे. तिथला शिपाई घडीचं फावडं वर धरून विचारी, “मास्तरसाब, किससे जंग है?”

“आठवीच्या वर्गाशी,” दादा सांगत.

आईचा एकच नियम होता. ज्यात मांस शिजलं असेल ते भांडं ओसरीच्या आत यायचं नाही. कशात काय शिजलं होतं हे अमेरिकेला विचारायची सोय नव्हती, म्हणून सगळा संग्रह ओसरीवरच्या फळीवरच राहिला. पाण्याची बाटली, जेवणाचं दांडीचं भांडं, फावडं, कॅनव्हासचे पट्टे. दादा प्रत्येक वस्तूवर ‘यू. एस.’ ही अक्षरं शोधत, मासिकांतली सैनिकांची छायाचित्रं भिंगातून बघत आणि खात्री पटली की चिठ्ठी लिहून वस्तूला दोऱ्यानं बांधत. कॅनव्हासच्या पट्ट्यांना त्यांनी आधी ‘घोड्याच्या पायांचे’ असं लिहिलं होतं. पुढं एका छायाचित्रात ते माणसांच्या पायांवर दिसले. दादांनी कुणी बघायच्या आत चिठ्ठी बदलली.

एका वस्तूची चिठ्ठी मात्र कोरी होती. बोटाच्या पेराहून जराशी लांब, चपटी पोलादी पट्टी. तिला बिजागरीवर उघडणारं छोटं वाकडं पातं. दोरा ओवायला भोक, आणि ‘यू. एस.’. दादांना ते कधी शस्त्रक्रियेचं हत्यार वाटे, कधी बंदुकीच्या चापाचा भाग. जेवण झालं की ते पातं उघडत, मिटत आणि म्हणत, “कळेल.”

ते कळायच्या आत दादा गेले. थंडीचे दिवस होते, छातीत कफ झाला होता.

दहाव्याला आम्ही ओढ्याकाठी पिंड ठेवला. कावळा शिवला नाही तर गेलेल्या माणसाचं काही राहिलंय असं धरतात. निघताना आई एवढंच म्हणाली होती, “शिवला की लगेच सांगायला ये.”

कावळे लिंबावर बसले होते. त्यांना भूक नव्हती.

“आईला सांभाळीन म्हण,” काका म्हणाले.

मी म्हणालो. एक कावळा मान फिरवून पलीकडं बघू लागला.

“बहिणीचं लग्न लावून देईन म्हण.”

तेही म्हणालो. ऊन चढलं. भटजींनी दर्भ हातात घेतला. “दर्भाचा कावळा करू या. शास्त्रात सोय आहे.”

“शास्त्रात असेल,” काका म्हणाले, “पण वहिनीला काय सांगू?”

मी पिंडाजवळ वाकलो आणि हळूच म्हणालो, “दादा, ते पातं कशाचं आहे ते मी शोधून काढीन.”

कावळा उतरला.

“काय म्हणालास रे?” काकांनी विचारलं.

“असंच. घरगुती.”

कबूल केलं होतं, तेव्हा शोधणं आलं. सवड मिळेल तसा सोलापूरला जाऊ लागलो. ढिगात तशी पाती दिसत, पण सुटी. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा एक पातं तपकिरी कागदाच्या पुडीत मिळालं. पुडीवर इंग्रजीत सूचना होती आणि चित्र होतं. मी तिथंच उभ्याउभ्या वाचलं, मग पुन्हा वाचलं.

ते पत्र्याचे डबे उघडायचं होतं.

येताना त्याच बाजारातून गोड घट्ट अमेरिकन दुधाचा एक बंद डबा आणला. आईला ओसरीवर बसवलं आणि चित्रात दाखवल्याप्रमाणं दादांचं पातं डब्याच्या कडेला लावून फिरवत गेलो. पत्रा मुकाट्यानं कापला गेला.

आईनं वाकून कापलेली कड बघितली. “त्यांना कसं कळणार?” ती म्हणाली. “आपल्या घरात डबा आलाच कधी?”

मी चिठ्ठी लिहून बांधली. अक्षर दादांसारखं आलं नाही.

श्राद्धाच्या दिवशी आईनं कावळ्याचं पान परड्यातल्या भिंतीवर ठेवलं. मग ओसरीवर येऊन डब्यातलं थोडं दूध द्रोणात घेतलं आणि पानाशेजारी ठेवलं. भटजींनी दुसरीकडं बघितलं.

कावळा लगेच आला. त्यानं खीर खाल्ली, वडा उचलला. अमेरिकन दुधाला चोच लावली नाही.

“राहू दे,” आई म्हणाली. “त्यांना फक्त माहिती पाहिजे होती.”