कार्डकाकांची खास नोंद

कार्डकाका आमच्या दवाखान्याच्या खिडकीत बसतात. पाठीमागे चार हजार कार्डं, समोर आम्ही खोकणारे. त्यांचा जीव पाठीमागच्यांवर जास्त. आडनाव पुरतं उच्चारायच्या आत कार्ड हातात, आणि वर दम, "नातवाचं तिसरं इंजेक्शन राहिलंय. आठवण आहे का विसरलात?"

प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात काका पेन्सिलीने एक अक्षर टाकत. 'घा' म्हणजे घाबरट. 'मा' म्हणजे मला सगळं माहीत. 'ब' म्हणजे बडबड. अर्थ एकट्या काकांना ठाऊक. मोठ्या डॉक्टरांनी एकदा विचारलं, तर काका गंभीरपणे म्हणाले, "जुनी पद्धत आहे."

मोठे डॉक्टर थकले आणि त्यांची मुलगी खुर्चीवर आली. तिने पहिल्याच महिन्यात बॉम्ब टाकला.

"काका, कार्डं संगणकात न्यायची. मी तीन सॉफ्टवेअर काढून ठेवलीत. तिन्ही मुक्त आहेत, म्हणजे कुणीही वापरावीत, उघडून आत बघावं, हवं तसं बदलावं. आपल्याला कुठलं चालेल ते तुम्ही ठरवायचं. प्रत्येकी दोन आठवडे वापरा आणि गुण द्या."

"मी? ताई, मला तो माउस धरता येत नाही."

"धरा. चावत नाही."

काका परीक्षक झाले. पहिलं सॉफ्टवेअर मोठ्या हॉस्पिटलच्या थाटाचं. साध्या पडशालाही ते खाट क्रमांक मागे आणि दिल्याशिवाय पुढे सरकेना. काकांनी बाहेरच्या बाकाला खाट क्रमांक एक करून टाकलं. गुण तीन. दुसरं जन्मतारखेवर अडून बसे. एक आजोबा म्हणाले, "लग्नाची सांगू? ती पाठ आहे. चुकली की घरी जेवण मिळत नाही." गुण चार.

तिसरं मात्र गुणी निघालं. मराठीत बोलायचं. अर्ध्या नावावर माणूस शोधायचं. दोन औषधांचं जमत नसेल तर ओरडायचं. तपासणी झाली की पेशंटच्या हातात त्याच्या माहितीचा छापील कागद द्यायचं. 'पेशंटला कागद मिळतो : दहापैकी दहा,' काकांनी वहीत लिहिलं. आणि त्यात 'खास नोंद' नावाचा एक लाल चौकोन होता. काकांनी कोपऱ्यातलं 'ब' तिथे टाकलं. चौकोन म्हणाला, किमान दहा अक्षरं हवीत. मग काकांनी सव्वीस वर्षांची अक्षरं फोड करून लिहायला घेतली, आणि हात असा सैल सुटला की विचारू नका.

मंगळवारी शिवणबाई आल्या. एकट्या राहतात, साखरेचा आजार आहे, दर महिन्याला तपासायला येतात. आत गेल्या की आधी मशिनचा पट्टा, मग बहिणीचा जावई, आणि विसाव्या मिनिटाला स्वतःचं दुखणं. जाताना त्यांनी छापील कागद घेतला, चष्मा लावला आणि उभ्याउभ्याच वाचला.

'खास नोंद : सुरू झाल्या की थांबत नाहीत. आधी बाकीचे पेशंट घ्यावेत.'

कागदाची चौघडी करून त्यांनी पिशवीत ठेवली आणि गेल्या. काकांनी पडद्यावर पाहिलं. चौकोनाखाली बारीक अक्षरात 'कागदावर छापा' होतं आणि त्यापुढची खूण आधीपासूनच केलेली होती. काकांनी ती काढली. बाईंकडे जाऊन बोलायला हवं होतं. ते उद्यावर ढकललं, असे बरेच उद्या झाले.

पुढच्या महिन्यात बाई शेवटच्या खुर्चीत बसून राहिल्या.

"तुमचा नंबर आला, बाई."

"असू दे. आधी बाकीचे घ्या."

चार जण पुढे गेले. मग त्या आत गेल्या आणि दोन मिनिटांत बाहेर आल्या. गोळ्या त्याच. काकांचं लक्ष त्यांच्या उजव्या पायाकडे गेलं. चपलेचा पट्टा सोडलेला, पाय कडेवर टेकत होता.

"पायाला काय झालं?"

"काही नाही."

"ताईंना सांगितलंत?"

"कशाला? त्यांचा वेळ जातो."

जेवणाच्या सुट्टीशिवाय कधी न सुटलेली खिडकी काकांनी सोडली आणि बाईंना घेऊन दार न वाजवता आत शिरले.

"ताई, यांना परत बसवा. पाय बघा. आणि बोलू द्या."

"अहो, मी विचारलं. त्या नाही म्हणाल्या."

"माझ्यामुळे म्हणाल्या." काकांनी पडदा फिरवला आणि ती नोंद दाखवली. मग घा, मा, ब, सगळ्यांचे अर्थ बाईंच्या देखतच सांगून टाकले. कानांपासून मानेपर्यंत ते लाल झाले होते. ताई हसली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती हसली नाही.

"बाबांना माहीत होतं हे?"

"नाही. त्यांच्याशी खोटं बोललो होतो."

अंगठ्याखाली जखम होती, तीन आठवड्यांची. शिवणयंत्राचं पेडल दाबून झालेली, आणि साखरेमुळे पाय बधिर, म्हणून फारशी न दुखलेली. "आणखी थोडे दिवस गेले असते तर बोट काढावं लागलं असतं," ताई बाईंना म्हणाली. दारापाशी उभ्या काकांनी ते ऐकलं.

पट्टी बांधून बाई बाहेर आल्या. काका खिडकीत उभे राहिले.

"चुकलो, बाई."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"इतकी वर्षं तुमचं अक्षर मला लागलं नाही," त्या म्हणाल्या, "तेच बरं होतं."

आणि हळूहळू पायऱ्या उतरून गेल्या. पुढचा नंबर माझा होता. काकांना तो पुकारता येईना. मीच उठून आत गेलो.