फैजपूरच्या बाटल्यांतली आमरी

पुणं सोडल्यापासून आमरीची (झाडाच्या फांदीवर वाढणारं फुलझाड) बाटली मी मांडीवरून खाली ठेवली नव्हती. जळगावला फैजपूरची मोटार धरली, तर शेजारच्या धुळ्याकडच्या आजींनी विचारलंच, "बाटलीमा काय शे वं माय?" (बाटलीत काय आहे गं बाई?)

"रोपं आहेत, आजी. साखरेवर वाढवलेली."

"मजा शे मंग त्यासनी!" सगळी मोटार हसली.

तापी ओलांडली आणि दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू झाल्या. मी मात्र भांडायच्या तयारीनंच निघाले होते. फैजपूरचे आबा शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. आमरीच्या एकाच बोंडातलं निम्मं बी त्यांनी आमच्या कॉलेजला दिलं, निम्मं स्वतः बाटल्यांत पेरलं. त्यांची रोपं वाढेनात, तेव्हा आमच्याच कृतीला दोष देत त्यांनी मला बोलावलं होतं.

त्यांच्या पत्नीनं, अक्कांनी, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि ठेचा वाढला. ठेच्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. जेवून बाटल्या पाहिल्या तर काय, सगळ्यांची तोंडं मेणानं बंद! आत नखाएवढी पिवळट रोपं. माझ्या बाटलीत त्याच बोंडातल्या रोपांची पानं जाड, हिरवीगार.

"अहो आबा, मेण कशाला? मी साखर निम्मी केली, तोंडाला नुसता कापूस लावला. हवेतला कर्बवायू मिळाला की रोप स्वतःचं अन्न करायला लागतं. तुमची नुसती साखरेवर पडून आहेत. अशानं जातील!"

"ते बोंड सुमननं खुडलेलं आहे, ताई," आबा म्हणाले. "हवेतून बुरशी शिरली तर? दुसरं कुठून आणू?"

सुमन त्यांची एकुलती एक लेक. गेल्या वर्षी क्षयानं गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दारातून अक्का म्हणाल्या, "सुमीलाही आपण दारं-खिडक्या लावूनच ठेवलं होतं. वारा मागायची ती."

आबांनी उठून स्वतःच स्पिरिटचा दिवा पेटवला. ज्योतीजवळ धरून ते एकेका बाटलीचं मेण खरवडत होते, मी निर्जंतुक कापसाचा बोळा बसवत होते.

"आयुष्यभर शिकवलं, तरी विचारतो. हवेत हा कर्बवायू असतो तरी किती हो?"

"अगदी थोडा, आबा."

"तेवढा पुरतो?"

"पुरतो."

दुसऱ्या दिवशी निघाले. रोपं जगतील असं काही मी बोलले नाही, बोलण्यासारखी रोपांची स्थितीच नव्हती. अक्का मोटारीपर्यंत पोचवायला आल्या.

"नाही जगली तर तसं कळवू," त्या म्हणाल्या. "पण कोंडून नाही मारली, एवढं तरी झालं."

पुण्यात सगळे विचारतात, खानदेश कसा वाटला? सांगायला तोंड उघडते, तर आधी अक्कांचं हे वाक्यच आठवतं, आणि पुढचं काही सांगवत नाही.