नाण्यावरची ग्रीक राणी आणि आमचे गड

मुलगी इंग्लंडात मिल्टन कीन्सच्या शाळेत इयर फाइव्हला, म्हणजे आपल्या चौथीला होती तेव्हाची गोष्ट. वर्गात ग्रीक लोक चालू होते. पुढच्या सोमवारी प्रत्येकाने एकेक ग्रीक राजा नाहीतर राणी होऊन खुर्चीत बसायचं आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, असं टीचरने ठरवलं. इजिप्तची ती सापवाली राणी, तीही मूळची ग्रीकच, इतर मुलींनी आधीच पटकावली होती. आमची रडवेली होऊन घरी आली. तिला अशी राणी हवी होती, जी दुसऱ्या कुणाकडे नसेल आणि जिच्यावरून कुणी हसणार नाही.

मी ऑफिसात डेटाबेस सांभाळणारा माणूस. इतिहासतज्ज्ञ फक्त घरी. लगेच एक राणी काढून दिली. सिकंदरानंतर आपल्याकडे पंजाबच्या बाजूला जे ग्रीक राज्य करत होते, त्यांच्यातली. मुलगा लहान, म्हणून कारभार हिच्या हातात. मला एवढंच माहीत होतं, पण याहून जास्त माहीत नाही हे सांगायची गरज वाटली नाही.

मग रोज शाळेत सोडताना गाडीत गोष्ट सुरू. चौकातल्या प्रत्येक राउंडअबाउटला राणी जरा जरा मोठी होत गेली. तिने मुलाला मांडीवर घेऊन शूरांच्या गोष्टी सांगितल्या, तलवार शिकवली, गडावरून दोर सोडून शत्रूच्या छावणीवर छापा घातला. शुक्रवारी बायकोही गाडीत होती.

"अरे, पंजाबात गड कुठला?"

"डोंगर असतीलच की."

"आणि ही ग्रीक बाई गनिमी कावा कुठे शिकली? आपलं चौथीचं पुस्तक वाचून?"

लहान मुलाच्या नावाने आई कारभार बघते म्हटल्यावर माझ्या डोक्यात आपोआप सह्याद्रीच उभा राहिला होता. बाईंना काष्टा नेसवायचा तेवढा बाकी होता.

"बाबा, मग खरं काय आहे?" मागच्या सीटवरून प्रश्न आला. "मला मंडेला सांगायचंय."

शनिवारी लंडनला म्युझियममध्ये गेलो. काचेआड राणीचं नाणं होतं, शर्टाच्या बटणापेक्षा जरा मोठं. त्यावर आई आणि मुलगा, चेहऱ्याला चेहरा लागून. एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला तिकडची, पंजाबकडची. खाली माहिती दोन ओळींची.

"तिचा हजबंड कोण?"

"नक्की माहीत नाही."

"ती मेली कशी?"

"माहीत नाही."

"तू आज खूप वेळा माहीत नाही म्हणतोयस." तिने काचेला नाक लावलं. "मी फोर्टवाली स्टोरी सांगू? ती छान आहे. नाहीतर सगळे हसतील."

सांग, असं अगदी ओठांवर आलं होतं. गोष्ट माझी, आणि ती खरंच छान होती. पण मी म्हणालो, "तू राणी आहेस, तू ठरव."

सोमवारी शाळेच्या फाटकाशी मी वेळेच्या बराच आधी जाऊन उभा राहिलो. ती कोट ओढत बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"फोर्ट सांगितलास?"

"नाही. जे माहीत आहे तेच सांगितलं. ते लगेच संपलं. मग सगळे क्वेश्चन विचारत बसले."

"हसले का?"

"एक मुलगा म्हणाला, तुझ्याबद्दल कुणालाच काही माहीत नाही, मग तू होतीस कशावरून?"

"मग?"

"मी म्हटलं, माझा फेस कॉइनवर आहे. तुझा आहे का?"