आज कोण आलं नाही?

नर्सबाईंना कुणी नमस्कार केला तर त्या उलट नमस्कार करत नसत. समोरच्याच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून आत बघत. सरपंचांचीही त्यांनी भर चावडीत ओढली होती. जामखेडकडच्या त्या गावात मी शाळेवर रुजू झालो तेव्हा माझंही तेच झालं. "रक्त लई कमी हाय, गुरुजी. पालेभाजी खात जा." बहात्तरचा दुष्काळ, विहिरींना पाणी नाही, आणि बाई म्हणतात पालेभाजी खा! म्हटलं, ही बाई आपल्याला छळणार.

आणि छळलंच. दर गुरुवारी त्या शाळेच्या उंबऱ्यावर उभ्या राहत आणि चालू धडा तोडून विचारत, "गुरुजी, आज कोण आलं न्हाई?" मी वैतागून म्हणे, "बाई, आलेली पोरं तपासा की आधी." त्यावर उत्तर ठरलेलं, "आल्याली तुमची. न आल्याली माजी." मग नावं कागदावर उतरवून घेऊन भर उन्हात वस्त्या पालथ्या घालत. पाच गावं होती त्यांच्याकडे आणि वाहन म्हणजे स्वतःचे दोन पाय.

तिसरीत शेवंता नावाची मुलगी होती. आईबाप खडी फोडायच्या दुष्काळी कामावर, पोर चुलतीजवळ. दिवस कलला की तिला दिसेनासं व्हायचं. नर्सबाईंनी ते हेरलं, औषध पाजलं आणि मला बाजूला घेतलं. "गोवर आला तर घरची मान्सं देवी आली म्हनत्यात. मला दारात उभं करीत न्हाईत. आन् असल्या डोळ्यांवर गोवर आला तर डोळं जात्यात. ही एक दिवस जरी न्हाई आली, तरी सांगावा धाडा. येवढं काम करा माजं." मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं?

आता खोटं कशाला बोलू? त्या वर्षी माझ्या हजेरीपटात सगळी पोरं रोज हजर असत. निम्मी आईबापांमागं कामावर गेलेली, तरी हजर. पट घसरला की दुसऱ्या शिक्षकाची जागा जायची, आणि दुसरा शिक्षक मी होतो. नर्सबाईंना तोंडी खरी नावं सांगायची आणि पटात खोटी हजेरी मांडायची, असा माझा दुहेरी कारभार. सगळेच करतात, मी कुणाचं घोडं मारलंय, असं स्वतःला समजवायचो.

एका सोमवारी शेवंता आली नाही. "तिला गोवर आलाय गुरुजी," पोरांनी सांगितलं. म्हटलं, गुरुवारी बाई येतीलच, तेव्हा सांगू. गुरुवारी नेमके तपासणीचे साहेब खुर्चीत आणि पुढ्यात माझा पट. निम्मी पोरं पाणी भरायला सोडलीत, अशी थाप मी मारून ठेवली होती. तेवढ्यात बाई उंबऱ्यावर आल्या.

"गुरुजी, आज कोण आलं न्हाई?"

"सगळी हजर आहेत, बाई. निम्मी पाणी भरायला गेलीत."

पुढच्या एका पोरीनं तोंड उघडलं; मी डोळे वटारले. बाई घुटमळल्या.

"शेवंता?"

"हजर."

"बरं झालं बया," म्हणून त्या निघून गेल्या. साहेब गेल्यावर मला सांगावा धाडता आला असता. पण आता कुठल्या तोंडानं सांगू, असं करत एकेक दिवस घालवला.

पुढच्या गुरुवारी बाई पहिल्यांदाच वर्गाच्या आत आल्या. कुणाकडून तरी कळलं म्हणून शेवंताच्या घरी जाऊन, चुलतीशी भांडून आल्या होत्या. टेबलावरचा पट उघडून त्यांनी तिच्या नावावरून बोट फिरवलं. "तुमच्या वहीत पोरगी रोज शाळंत हुती, गुरुजी. आन् घरात डोळं झाकून पडली हुती." मग हळूच म्हणाल्या, "मी बी चुकले. दारातनं इचारलं. आत येऊन बघाया पायजे हुतं." शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पोरांसमोर मला रडू कोसळलं.

खडीच्या ट्रकमधून बाईंनीच तिला नगरला नेलं. एक डोळा वाचला, दुसऱ्यात फूल पडलं, तो कायमचा गेला. माझी तक्रार त्यांनी केली नाही. "केली तर तुमच्या जागी दुसरा येईल. त्यो बी ह्येच करील. तुमी आता न्हाई करनार." हे बरोबर की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी सुटलो, एवढं खरं.

मग मी पट खरा भरू लागलो. हजेरी घसरली, जागा गेली, दूरच्या तालुक्यात बदली झाली. आभाळ काही कोसळलं नाही. निघताना एस.टी.च्या दाराशी बाई आल्या. त्या गुरुवारनंतर पहिल्यांदाच त्यांनी माझी पापणी ओढून बघितली. "अजून कमीच हाय," म्हणाल्या. त्यानंतर आमची भेट नाही.

कितीतरी वर्षांनी, माझी निवृत्ती जवळ आलेली असताना, एक बाई मुलीचं नाव घालायला आली. मान एका बाजूला वळवून, चांगल्या डोळ्यानं माझ्याकडे बघत होती. शेवंता. माझी शाळा होती त्याच गावात दिलेली. नर्सबाईंनी तिला काही सांगितलेलं दिसत नव्हतं. मी तर नाहीच नाही. आता सांगावं म्हणून मी लेखणी खाली ठेवली, तेवढ्यात तीच म्हणाली, "गुरुजी, मी दिसभर कामावर असते. पोरगी शाळंत न्हाई आली तर सांगावा धाडाल न्हवं? तुमी हाय म्हनून घोर न्हाई मला."

"धाडीन," म्हणालो मी. जे सांगायचं होतं, ते त्याही दिवशी सांगितलं नाही.