तिची दुसरी उडी

माझ्या बायकोनं विमानातून उडी मारली होती आणि खाली दोन पायांवर उभी उतरली होती. हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे लिहायचंय त्यात माझी बाजू धड न्हाई, तिची तरी नीट राहू दे. ती जाऊन सात महिने झाले. शाळा माझी चौथीला सुटली, लिहायची सवय न्हाई. पोरगी म्हणाली, ‘अप्पा, तेच तेच बोलून राहिलाव, एकदा लिहून तरी काढा.’ म्हणून बसलो.

आमचं गाव चाकूरच्या अलीकडं. गावाला लागून माळ हाय, माळावर एक जुनी धावपट्टी. कुणी कशासाठी बांधली होती ते गावात कुणाला नीट ठाऊक न्हाई. पोरं तिच्यावर क्रिकेट खेळायची, बाया कुरडया वाळू घालायच्या. पंधरा वर्सांखाली हिवाळ्यात तिथं पॅराशूटचा कॅम्प आला. एक लहान विमान, दोन-तीन तंबू, आणि फौजेतून रिटायर झालेले एक सर. शहरातली माणसं यायची, तीन दिवस जमिनीवर शिकायची आणि मग वरून उडी मारायची. पट्टीवरचं गवत कापायचं, पाण्याचा टँकर आणायचा, हे काम मला मिळालं. जेवणाचं बायकोला. ज्वारीच्या भाकरी, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी. सर वर उत्तरेकडचे, पण तिसऱ्या दिवसापासून भाकरी मागून घ्यायला लागले.

भाकरी तव्यावर टाकायची आणि ही वर बघत बसायची. वर छत्र्या उघडलेल्या, इकडं भाकरी करपलेली. असे दहा-बारा दिवस गेले. एक दिवस पिठाचे हात पुसत सरांसमोर जाऊन उभी राहिली.

“सर, हमकू भी सिकाव ना. मेरेकू और इनकू.”

मला विचारलं न्हाई, सवरलं न्हाई. बाकीची शिकाऊ माणसं हसली. सर हसले न्हाईत. वय विचारलं, बीपी विचारला, गुडघे दुखतात का विचारलं. तवा मी बावन्नचा, ती सत्तेचाळीसची. सर म्हणाले, “डॉक्टर का कागज लाओ, भाभीजी. फिर देखते हैं.”

घरी आल्यावर मी भडकलो. “माझं नाव कशाला घातलंस मधी?”

“मग एकलीनं मरू का?” ती म्हणाली. “पोरीचं लग्न झालंय. म्हशी भावजी बघतेल. काय अडलंय आपलं?”

गावात बोभाटा झाला. माझ्या मोठ्या भावाची बायको दारात येऊन म्हणाली, “पाय जमिनीवर टिकंनात का गं बाई तुझे?”

“सत्तेचाळीस वर्सं टिकले की, आक्का. आता जरा इसावा त्यांना.”

डॉक्टरनं कागद दिला. आम्ही दोघं शिकाऊ झालो. सकाळी ती लवकर सैपाक उरकायची आणि मग दोघं जाऊन बाकीच्यांच्या मागं बसायचो. दारातून पाय बाहेर कसे काढायचे, छत्री उघडल्यावर वर बघून दोऱ्या गुंतल्या का ते कसं ओळखायचं, खाली येताना हातातल्या दोन मुठी कधी ओढायच्या. छत्री आपोआप उघडणार होती, तिची पट्टी विमानालाच बांधलेली असायची. तरी खाली पडायचं कसं ते शिकावंच लागतं. पाय जोडून, गुडघे जोडून. घरी आम्ही बैलगाडीवरून सोयाबीनच्या भुसकटात उड्या मारायचो. माझे पाय काही जुळायचे न्हाईत.

“आवं, जोडा की पाय! बैलानं मुतल्यावनी काय उभं राहताव?”

तिचे पहिल्या दिवसापासून जुळायचे. सर तिला पुढं बोलवून सगळ्यांना दाखवायचे.

तिनं जन्मात पहिल्यांदा तवा पँट घातली. सरांनी दिलेला तो अंगभर एकच असलेला डगला. तंबूतून बाहेर यायला अर्धा घंटा लावला. आली ती खाली बघत. मग हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि मला हळूच म्हणाली, “हे बरं हाय. पदर सावरायचं काम न्हाई.”

आता चुकीचं सांगतो. आम्ही लिंगायत. गळ्यात दोऱ्याला चांदीच्या डबीत लिंग असतं. ते अंगावेगळं करत न्हाईत, झोपताना न्हाई, अंघोळीला न्हाई. सरांचा नियम होता, गळ्यात लोंबतं काही नको, पट्ट्यात अडकलं तर जिवावर येईल. मंगळसूत्र तिनं मुकाट काढून डब्यात ठेवलं. लिंगाचं सरांना सांगितलंच न्हाई. मी माझं दंडाला बांधलं, वरून फडकं गुंडाळलं. तिला म्हणालो, तू बी दंडाला बांध. ऐकंना. “काळजापाशीच राहू द्या,” म्हणाली, आणि डगल्याच्या आत छातीवर फडक्यानं घट्ट बांधलं.

प्रत्येक शिकाऊ माणसानं जोडीदाराचे पट्टे तपासायचे, अशी तिथली रीत. तिचा जोडीदार मी. छातीवरचा पट्टा ओढताना माझ्या बोटाला डबी लागली. बरोबर पट्ट्याखाली. सरांनी विचारलं, “चेक?” मी म्हणालो, “ठीक.”

ती चूक दोघांची होती. ती मला खुपत न्हाई. खुपते ती पुढची.

विमानात आवाज एवढा की आपलाच श्वास ऐकू येईना. दार उघडं. आधी ती. दारात बसली, पाय बाहेर सोडले, मागं वळून मला काही तरी म्हणाली आणि गेली. काय म्हणाली ते खाली आल्यावर विचारलं. म्हणाली, “पीठ झाकून ठेवलं का, ते इचारलं.”

माझं काय झालं ते मला धड आठवत न्हाई. हिसका बसला, डोक्यावर छत्री दिसली. कानातल्या रेडिओत खालून सरांचा आवाज, ‘दायाँ खींचो, दायाँ’, आणि मी ओढून राहिलो डावा. धावपट्टी राहिली एकीकडं, मी कुणाच्या तरी तुरीत. पाय जोडायचं डोक्यातच न्हाई. तोंडावर पडलो. तोंडात ढेकूळ, नाकातून रगत.

उठून बघतो तर लांब पट्टीवर ती उभी. उभी उतरली होती. टाळ्या वाजत होत्या, सरांनी तिला सलाम ठोकला. शहरातली माणसं तिच्यासंगं फोटो काढून राहिली होती. माझ्याकडं कुणी बघितलं बी न्हाई. तुरीतून छत्री गोळा करत मी एकलाच चालत आलो. मला बघून ती हसली. वाईट हसली न्हाई, खुशीनं हसली. तिचं तोंड तसं मी लग्नात बी बघितलं नव्हतं. पण मला ते हसणं लागलं.

दिवस मावळायला तिचा श्वास अडकायला लागला. डगला काढला तर छातीखाली डबीच्या आकाराचा काळानिळा डाग. लातूरच्या डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं, बरगडीला तडा गेलाय, तीन आठवडे आराम. मला बजावलं तिनं, सरांना डबीचं सांगायचं न्हाई. सरांना एवढंच कळलं की मार बसलाय. ते म्हणाले, बरं होऊ दे, कॅम्प दोन महिने हाय, पाच उड्या झाल्या की सर्टिफिकेट मिळतं.

तीन आठवडे ती पाटावर बसून भाकऱ्या थापायची आणि बसल्या बसल्या पाय जोडून बघायची. पुढच्या वेळी लिंग दंडाला बांधते म्हणाली. तसं वचनच दिलं मला. म्हणजे अडचण काही उरली नव्हती.

बरगडी जुळत आली तसा मी टँकरपाशी सरांना गाठलं.

“सर, वो डर गई. बोलने को शरमाती. आपही ना बोल दो उसकू. उमर का बोलो.”

सरांनी विचारलं, “पक्का?”

“पक्का.”

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला बोलवून सांगितलं, भाभीजी, या वयात दुसरी उडी नको. मी बाजूलाच गवत कापत होतो. मशीन बंद केलं न्हाई, तरी ऐकू आलं.

“पैले में क्या गलती हुई?”

“गलती कुछ नहीं हुई.”

“फिर?”

सर विमानाकडं निघून गेले. ती चुलीकडं गेली. घरी मला म्हणाली, “तुमी तर माझ्याहून पाच वर्सांनी थोर. तुमाला कसं चालतं मग?”

“बाईमाणसाचं हाड येगळं असतं,” मी म्हणालो. हाड मोडलं होतंच तिचं. तिला ते पटलं.

लोकांना मी सांगायचो, बायकोच्या जिवाला भ्यालो. भ्यालो होतो, खोटं न्हाई. पण भ्यालेला माणूस घरी बायकोला सांगतो, नको जाऊ. मी तिला एका शब्दानं म्हणालो न्हाई. चोरून सरांना सांगितलं, आणि स्वतः अजून चार उड्या मारून पाच पुऱ्या केल्या. शेवटच्या उडीला उभा उतरलो. टाळ्या वाजवायला ती होती, पदर खोचून, हातात उलथणं. माझं सर्टिफिकेट तिनंच चौकटीत बसवून आणलं. दिवाळीला पुसायची. कॅम्प गेला तो परत आला न्हाई.

गेल्या साली तिच्या पोटात गाठ निघाली. पोरगी नांदेडला दिलेली, म्हणून तिथल्या दवाखान्यात ठेवलं. वॉर्डात एक सिस्टर होती, हदगावकडची, बोलायला मोकळी. सुई टोचताना ही तिला म्हणाली, “मी न्हाई भेत सुईला. म्या इमानातून उडी मारलेली हाय.”

“हाव का मावशी? कोणत्या सिरियलमधी?”

“इचार यांना.”

“मारली,” मी म्हणालो.

“बाप्पा! मग पुढं?”

“पुढं काय, सरांनी नापास केलं. बाईचं हाड येगळं असतं म्हणं.” ती हसली, पोट धरून हसली, गाठ दुखायली तरी हसली.

माझंच वाक्य पंधरा वर्सं सांभाळून ठेवलं होतं तिनं. सिस्टर गेली आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

“तू नापास झाली न्हाईस. म्या सांगितलं सरांना.”

“काय सांगितलं?”

“तू भ्यालीस म्हणून.”

“म्हंजी सरांनी न्हाई काढलं मला.”

“न्हाई.”

“तुमी काढलं. कशापायी?”

“भ्यालो गं.”

“खोटं. भ्यालेला माणूस चारदा उडी मारतो व्हय?”

मग राहिलेलं बी सांगावं लागलं. “तू उभी उतरलीस. मी तोंडावर पडलो.”

मला वाटलं होतं, एवढ्या वर्सांनी हसंल. तिनं भिंतीकडं तोंड केलं. दोन दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं न्हाई. पोरीच्या हातचं घेतलं.

तिसऱ्या दिवशी सिस्टर बीपी बघायला आली. “सिस्टर,” ही म्हणाली, “मी नापास नव्हते. हे बसलेत ना, ह्यांनी काढलं मला.” सिस्टरनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, “हाव.”

तिथून सुरू झालं. शेजारच्या खाटेवर देगलूरची बाई होती, अर्धं तेलुगू बोलायची, तिला सांगितलं. फरशी पुसणाऱ्या मामाला सांगितलं. भेटायला आलेल्या विहिणीला सांगितलं, जावयासमोर. दर वेळी माझ्याकडं बोट करायची आणि मी हाव म्हणायचो. एकदा मी खाली चहाला गेलो तर पोरगी बोलवायला आली. “अप्पा, वर चला. शेजारणीला भेटायला आलेले काका म्हणतेत खोटं हाय, आई चिडलीय.” चहा तसाच ठेवून गेलो. हाव म्हणालो.

माझ्याशी बोलायची, न्हाई असं न्हाई. पाय दाबा, पडदा ओढा, पोरीला घरी पाठवा जेवायला. तेवढंच. त्या गोष्टीवर मला एकट्याला कधी काही बोलली न्हाई. माफ कर म्हणायचं मी मनात लई येळा जुळवलं. ती झोपलेली असली की जुळायचं.

मग आवाज बसला. कुणी नवं आलं की ती नुसतं बोट करायची, आणि सांगायचं मीच. भाकरीपासून सगळं. टँकरपाशी काय बोललो ते. एकदा तोंडावर पडल्याचं गाळलं तर तिनं खाटेच्या दांड्यावर बांगडी आपटली. परत मागं जाऊन सांगितलं.

शेवटाच्या आदल्या दिवशी दुसरी सिस्टर ड्युटीला आली, वयानं मोठी. हिनं बोट वर केलं. मी सांगितलं, काही गाळलं न्हाई. सिस्टर ऐकून घेऊन तिच्यावर वाकली. “मग आजी, आता तरी राग गेला का?”

तिनं मान हलवली. न्हाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. लोहा, अहमदपूर करत गाडी गावात आली तवा सगळं गाव दारात होतं. माती झाली, लोक पांगले. माझ्या भावजयीनं मला विचारलं, “शेवटाला काही बोलली का हो?”

“न्हाई म्हणाली.”

“काय न्हाई?”

“राग गेला का म्हणून इचारलं होतं.”

तिनं घागर उचलली आणि पाण्याला गेली.